सर, तुम्हीच सांगा तिला

आमच्या घरात गोल्फ आला तो नवऱ्याच्या बॉसमुळे. बॉस शनिवारी गोल्फ खेळायचा, प्रमोशनची बोलणी म्हणे तिथेच व्हायची. ऑफिसातले एकेक जण गोल्फचे बूट घ्यायला लागले तेव्हा आमच्याकडेही एक पांढरा हातमोजा आला. एकच, डाव्या हाताचा. दुसरा कुठे पडला म्हणून मी पिशव्या उलट्या करून शोधत बसले, तेव्हा कळलं की गोल्फमध्ये एकच घालतात. आमचं गोल्फचं ज्ञान एवढ्यापासून सुरू झालं.

आम्ही तेव्हा सिंगापुरात, पुंगोलला नुकते राहायला आलो होतो. नवा फ्लॅट, खिडकीसमोरून जाणारी एलआरटीची छोटी गाडी, आणि प्रत्येक मजल्यावर आमच्यासारखीच लहान मुलांची बिऱ्हाडं. नवरा आयटीत, मी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. मुलगी प्रायमरी फोरमध्ये होती. रविवारी सकाळी मला जरा आडवं होता यावं म्हणून नवरा तिलाही बरोबर न्यायला लागला, सेम्बावांगच्या बाजूला असलेल्या एका ड्रायव्हिंग रेंजवर. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे गोल्फचं मैदान नव्हे. लांबलचक छपराखाली ओळीने उभं राहायचं आणि समोरच्या गवतात नुसते चेंडू मारत सुटायचं. मारलेला चेंडू आणायलाही कुणी जात नाही. याला खेळ कसं म्हणायचं हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

नवऱ्याची कंबर महिनाभरातच धरली. तो गोल्फमधून निवृत्त झाला (प्रमोशन त्याला पुढे मिळालं, ते गोल्फशिवायच). पण तोवर मुलीने तिथला एक लहान मुलांचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेतला होता, आणि मुलांना शिकवणाऱ्या स्कॉटिश कोचने ते बघितलं होतं.

उन्हाने लाल होऊन होऊन कायमचा विटकरी झालेला चेहरा, पांढऱ्या भुवया, मोठे हात. त्यांचं इंग्रजी आम्हाला पहिले काही महिने अर्धंच कळायचं. मुलीला मात्र सगळं कळायचं आणि ती आम्हाला त्यांच्या इंग्रजीतून आमच्या इंग्रजीत सांगायची. ती त्यांना कोच म्हणायची. आम्ही सर म्हणायचो. पहिल्यांदा नवऱ्याने "सर" अशी हाक मारली तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं होतं, कोणी मोठा माणूस आला की काय म्हणून. मला नावाने हाक मारा, असं त्यांनी पुष्कळदा सांगितलं. आमच्या जिभेला ते जमलं नाही. जो शिकवतो तो सर, मग तो गणित शिकवो नाही तर चेंडू मारायला.

सर एके काळी व्यावसायिक गोल्फर होते. खरे, टीव्हीवर दिसतात तसे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात ते वाढले. त्यांच्या गावात पोस्टमनही गोल्फ खेळायचा आणि खाटीकही, आणि शाळा सुटली की मुलं समुद्राच्या वाऱ्यात अंधार पडेपर्यंत खेळत बसायची. आमच्याकडे गल्लीत क्रिकेट खेळतात तसंच ते. मला हे ऐकून बरं वाटलं होतं, कारण तोवर माझ्या डोक्यात गोल्फ म्हणजे बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणाऱ्या लोकांचा खेळ. पुढे ते युरोपातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये काही वर्षं खेळले, मग आशियात खेळले, आणि आशियात त्यांनी एक स्पर्धा जिंकली. नंतर कधीतरी खेळणं थांबलं आणि ते सिंगापूरला शिकवायला लागले.

त्या जिंकलेल्या स्पर्धेची गोष्ट रेंजवरच्या प्रत्येक मुलाला पाठ होती. पाऊस पडून गेलेला, शेवटचा होल, समोर पाणी. बरोबरचा खेळाडू पुढे. क्लब देणारा माणूस म्हणतोय, जपून मार, दुसरा नंबर काही वाईट नाही. इथे सर थांबायचे आणि मुलांकडे बघायचे. मुलं ओरडायची, "सो व्हॉट डिड यू डू?" मग सर क्लब उचलायचे आणि तो फटका जसाच्या तसा मारून दाखवायचे. चेंडू छपराखालून निघून लांब गवतात कुठेतरी पडायचा, आणि मुलांना तो त्या परक्या देशातल्या झेंड्याशेजारीच पडलेला दिसायचा. "त्या आठवड्यापुरता," सर म्हणायचे, "माझ्याहून चांगलं कुणी खेळत नव्हतं." मी ही गोष्ट बाकावर बसून कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत कितीदा तरी ऐकली, आणि प्रत्येक वेळी पाण्याशी आल्यावर मीही कप खाली ठेवायचे.

हो, नवऱ्याची जागा आता मी घेतली होती. मुलीला रेंजवर न्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते आवडायला लागलं. सर तिला फार काही सांगायचे नाहीत. दुसऱ्या मुलांचे खांदे धरून वळवायचे, गुडघे वाकवायचे. तिच्यामागे नुसते हात बांधून उभे राहायचे. मला वाटायचं, दुर्लक्ष करतायत. एकदा मी तसं आडून सुचवलंही. तर म्हणाले, "मोडलेलं नाही ते मी दुरुस्त कशाला करू?"

प्रायमरी फाइव्ह संपता संपता आमच्या घरातली हवा बदलली. सिंगापूरमध्ये सहावीच्या शेवटी पीएसएलई नावाची परीक्षा असते. बारा वर्षांची पोरं ती देतात आणि त्यातल्या आकड्यावर कोणती शाळा मिळणार ते ठरतं, आणि शाळेवर पुढचं सगळं. निदान आम्ही तरी तसंच धरून चाललो होतो. मुलीचे गणिताचे मार्क त्या वर्षी घसरले. फार नाही, पण आमच्यासारख्या घरात रोज त्यावर चर्चा व्हायला तेवढे पुरतात. त्यात गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या एका मैत्रिणीने मला कोपऱ्यात घेतलं. तिच्या मुलाला गणिताच्या दोन ट्यूशन होत्या. "अजून गोल्फ चालूच आहे?" एवढंच ती म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्याने मी हातातला मोदक परत ताटलीत ठेवला. तिचा मला राग आला. घरी येईपर्यंत तो राग मुलीवर गेला.

त्याच आठवड्यात जेवताना नवऱ्याने फ्रॅक्शन्सचा विषय काढला, तर मुलगी वरणभात कालवत, इथल्या मुलांच्या लकबीत, शांतपणे म्हणाली, "आय डोन्ट नीड सो मच मॅथ्स लह, बाबा. आय ॲम गोइंग टू बी अ प्रो. लाइक कोच."

आम्ही दोघं हसलो. मग एकमेकांकडे बघितलं आणि हसणं थांबलं. ती थट्टा करत नव्हती.

आता खरं तर सरळ सांगता आलं असतं. गोल्फ एक वर्ष बंद, परीक्षेनंतर बघू. आमच्या आईवडिलांनी आम्हाला असंच सांगितलं असतं, किंबहुना सांगितलंही नसतं, क्लब माळ्यावर टाकला असता. पण आम्ही नव्या जमान्यातले आईबाप. मुलांशी मैत्रीने वागणारे, नकाराची कारणं देणारे, आवाज न चढवणारे. मी मैत्रिणींमध्ये मिरवायचे की माझी मुलगी मला सगळं सांगते. शिवाय तिचे चेंडू मारतानाचे व्हिडिओ आम्हीच हौसेने पुण्याला घरच्यांना पाठवले होते. आता आम्हीच नको म्हटलं तर ती आमचा रागराग करेल, आणि ते आम्हाला नको होतं. गोल्फ सुटायला हवा होता आणि आमची प्रतिमाही राहायला हवी होती.

मराठी घरात अशा वेळेसाठी एक जुनी सोय आहे. माझ्या लहानपणी मी दूध प्यायचे नाही, तर आईने सरळ शाळा गाठली होती. "बाई, तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल ती." दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात दुधावर भाषण केलं आणि मी मुकाट्याने कप तोंडाला लावला. यात आईला काही गैर वाटलं नाही आणि बाईंनाही नाही. आईबापांचं म्हणणं शिक्षकांनी आपलं म्हणून सांगायचं, हे आमच्याकडे शिक्षकाच्या कामातच धरलेलं असतं. त्यामुळे नवरा जेव्हा म्हणाला, "सरांनाच सांगू या, ते सांगतील तिला," तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं. हायसंच वाटलं.

एका संध्याकाळी मुलीला शेजारी सोडून आम्ही दोघं रेंजवर गेलो. सरांनी कँटीनमध्ये बसवलं, स्वतः जाऊन तीन कोपी आणल्या. आम्ही तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले. म्हणाले, बरं झालं आलात, मी तुम्हाला बोलावणारच होतो. इथल्या काही शाळा चांगलं खेळणाऱ्या मुलांना खेळावर प्रवेश देतात, त्यात गोल्फही आहे, आणि त्यांना तिच्यासाठी एका शाळेशी बोलायचं होतं. "तिच्या हातात आहे," ते म्हणाले. "हे शिकवता येत नाही. मी फार थोड्या मुलांत बघितलंय." बोलताना ते इतके खुशीत होते की त्यांची कोपी तशीच राहिली.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे. खेळावर प्रवेश म्हणजे आमच्या लेखी अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय. आमची मुलगी मागच्या दाराने शाळेत जाणार, ही कल्पनाच आम्हाला सोसणारी नव्हती. एखाद्याने आपल्या मुलीचं कौतुक करावं आणि आपण ओशाळं व्हावं, असं माझं पहिल्यांदाच होत होतं.

नवरा घसा खाकरून म्हणाला की ते सगळं ठीकच आहे, आम्ही आभारी आहोत, पण आम्ही वेगळ्याच कामासाठी आलोय. मग त्याने परीक्षेचं सांगितलं, मार्कांचं सांगितलं, ती प्रो व्हायचं म्हणते ते सांगितलं. "आमचं ती ऐकणार नाही, सर. तुमचं ऐकेल. तुम्हीच सांगा तिला."

"काय सांगू?" सरांनी विचारलं.

"हेच की यात तसं काही... म्हणजे एवढं मागे लागण्यासारखं नाही."

सरांनी कप जरा बाजूला सारला. पलीकडे चेंडू मारल्याचे टकटक आवाज येत होते. मग त्यांनी सावकाश विचारलं, "तिला खेळता येत नाही असं मी सांगावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही, नाही, तसं नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो. आणि तसं नाही तर कसं, ते आमच्यापैकी कोणीच सांगितलं नाही.

"ते मी सांगणार नाही," सर म्हणाले. त्यांनी गार झालेली कोपी एका घोटात संपवली. "पण तुम्ही तिचे आईवडील. काहीतरी सांगेन."

आम्ही त्यांचे पुन्हा पुन्हा आभार मानले. परत येताना टॅक्सीत नवरा म्हणाला, "चांगला माणूस आहे." मी म्हटलं, "खूपच." आम्ही दोघं खूश होतो, हे इथे सांगायला हवं.

रविवारी मी नेहमीसारखी बाकावर बसले होते. बाकीची मुलं गेल्यावर सरांनी मुलीला थांबवून घेतलं, एक स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसले. ती क्लब हातात धरून उभी. मी दोन हातांवर होते, मला सगळं ऐकू येत होतं, आणि मला ऐकू येतंय हे त्यांना माहीत होतं.

"तुला ती शेवटच्या होलची गोष्ट आवडते ना?" ते म्हणाले. "तिच्यानंतरचं मी तुम्हा मुलांना कधी सांगितलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. जिंकल्याच्या पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्याच दिवशी बाहेर पडले. गोल्फच्या स्पर्धेत दोन दिवस खेळून झाले की मागे राहिलेल्यांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. ज्याचा कट चुकला त्याला त्या आठवड्याचं काहीच मिळत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही त्यांचा कट चुकला. त्याच्याही पुढच्या. स्वस्तातल्या हॉटेलांत बेसिनमध्ये शर्ट धुवायचे आणि ओलेच बॅगेत भरायचे. पार्किंगमध्ये उभं राहून दुसऱ्याचा फटका चुकावा अशी वाट बघायची, म्हणजे आपण आत राहू. दर वर्षअखेरीला पुढच्या वर्षी खेळायची आपली जागा टिकली का ते बघायचं, आणि एका वर्षी ती एका फटक्याने गेली. एका फुटावरून चेंडू ढकलायचा होता. तो फटका ते अजून झोपेत मारतात, म्हणाले.

"बट यू वन, कोच," मुलगी म्हणाली.

"एकदा," सर म्हणाले. "एकदाच."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मला वाटलं, आता पुरे. पण ज्याला एखादं काम सांगितलंय आणि ते नीट करायचंय अशा माणसासारखे ते पुढे बोलत राहिले. वडील आजारी पडले तेव्हा ते कुठल्यातरी गरम देशात खेळत होते. कट चुकलेलाच होता, त्याच दिवशी निघता आलं असतं, पण पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेसाठी सराव हवा म्हणून राहिले. वडील गेल्याचं मैदानावरच कळलं. ज्यांनी त्यांच्या हातात पहिला क्लब दिला ते हेच वडील. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. माझी मुलगी मात्र खाली बघायला लागली.

"मला कुणी पुन्हा अकरा वर्षांचं केलं," ते शेवटी म्हणाले, "तर मी घरी बसून गणितं सोडवीन."

हे खोटं होतं. मला तिथे बाकावरच कळलं, कारण हे म्हणता म्हणताच त्यांचा हात सवयीने पुढे गेला आणि त्यांनी तिच्या क्लबवरचा अंगठा किंचित सरकवून नीट केला. मला उठता आलं असतं. सर, राहू दे, असं म्हणता आलं असतं. आम्ही दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला गेलो होतो, आणि त्या माणसाने ती स्वतःवरच रोखली होती. मुलीला कमी लेखायचं नाही म्हणून त्यांनी स्वतःचं अख्खं आयुष्य तिच्यासमोर कमी केलं, आणि तेही मी ऐकत असताना. मी पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. काम होत होतं ना.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सो ही वॉज अ लूझर, आई?"

"मोठ्यांबद्दल असं बोलू नये," मी म्हणाले.

असं बोलू नये, एवढंच. तसं नाहीये, हे मी म्हणाले नाही. तसं म्हटलं असतं तर गोल्फ पुन्हा सुरू झाला असता.

त्यानंतर ती रेंजवर गेली नाही. गोल्फ आम्ही बंद केला नाही, तिनेच केला. नवरा म्हणाला, बघ, किती सहज झालं. ती अभ्यासाला लागली, मार्क वर आले, पीएसएलईचा आकडा सगळ्यांना फोन करून सांगण्यासारखा लागला आणि हवी ती शाळा मिळाली. मी पेढे आणले. आणि बाकी सगळ्या शिक्षकांना दिले तसे सरांनाही द्यायला गेले. मुलीला चल म्हटलं तर म्हणाली, "व्हॉट फॉर?" मी एकटीच गेले.

सरांनी पेढा खाल्ला, चांगला आहे म्हणाले, दुसराही घेतला. तिचं अभिनंदन सांगा म्हणाले. मग विचारलं, "अधूनमधून खेळते का?"

"वेळच मिळत नाही हो सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मी उरलेला डबा तिथेच ठेवून निघाले. बसस्टॉपवर मला स्वतःचीच किळस आली. ज्या माणसाला मी त्याच्या आयुष्याची माती करायला लावली, त्याचं तोंड मी गोड करून आले होते. घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, तू फार विचार करतेस. तो वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच वाटत होतं की सरांनी जे खरं होतं ते सांगितलं. तेच तर मला खात होतं. त्यातला गणिताचा शब्द सोडला तर खोटं काहीच नव्हतं. गोष्टीचा पहिला अर्धा भाग जितका खरा, तितकाच हाही. फक्त सरांनी आमच्यासाठी हा अर्धा भाग पूर्ण म्हणून सांगितला होता. रेंजवरच्या पोरांना ते अजूनही शेवटच्या होलची गोष्ट सांगत असतील का, हा प्रश्न मला भांडी घासताना, ऑफिसात, कधीही यायचा. जाऊन विचारायची हिंमत झाली नाही.

मुलगी सेकंडरी टूमध्ये, म्हणजे आठवीत होती तेव्हा पुंगोल स्टेशनाला लागून असलेल्या मॉलमध्ये सर अचानक समोर आले. खांद्यावर जुनी बॅग, पाठीत जरा वाकलेले. मुलीपेक्षा ते आता फक्त वीतभर उंच होते. म्हणाले, रेंज बंद होतेय, जमीन सरकारला परत जाणार. ते स्कॉटलंडला निघाले होते, कायमचे. आमच्याच भागातल्या एका मुलाला काही क्लब द्यायला आले होते.

"तू केवढी झालीस," ते मुलीला म्हणाले. "शाळा कशी चाललीय?"

"ओके लह, कोच."

मी विमानाचं, थंडीचं काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तरं दिली. मग जायला वळले, तेव्हा मुलगी एक पाऊल पुढे गेली. तिचा चेहरा मी बघितला. त्यात चेष्टा नव्हती, उलट फार माया होती. आजारी माणसाशी बोलावं तशी ती बोलली.

"इट्स ओके, कोच," ती म्हणाली. "ॲट लीस्ट यू ट्राइड."

सरांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणभरच. त्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता. त्यांनी फक्त बघितलं, माझ्याकडून काही येतंय का ते. मी काहीच बोलले नाही. मग ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, "हो. तेवढं मात्र केलं." तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एस्कलेटरने खाली गेले.

आम्ही वर एलआरटीत जाऊन बसलो. दुपारची वेळ, डबा जवळजवळ रिकामा. गाडी सुटली आणि मुलगी म्हणाली, "पुअर थिंग."

ते मला ऐकवलं नाही. इतके दिवस तोंडाला लावलेलं कुलूप कुठल्या धैर्याने उघडलं असं नाही. तिने त्यांची कीव केली ते मला सहनच होईना. मी सगळं सांगितलं. कँटीन, तीन कोपी, बाबा काय म्हणाला, मी काय म्हणाले नाही. सर हरलेले नव्हते. जगभरातली चांगली चांगली माणसं जिथे खेळतात तिथे ते वर्षानुवर्षं खेळले, आणि जिंकले. आमच्या सांगण्यावरून त्यांनी तुला तसं सांगितलं. तू आमचं ऐकणार नाहीस म्हणून.

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली.

"आय सेड दॅट टू हिम," ती म्हणाली. "जस्ट नाऊ. आणि तू तिथे उभी होतीस."

"हो."

एक स्टेशन आलं आणि गेलं. मी मनात उत्तरं जुळवत होते. आम्ही तुझ्या भल्यासाठीच केलं, बघ आज कोणत्या शाळेत आहेस, हे सगळं तयार होतं. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही.

"अँड मी?" तिने विचारलं. "वॉज आय गुड?"

"हो."

"कोचने सांगितलं?"

"त्याच दिवशी. आम्ही बोलायच्या आधी. तिच्या हातात आहे, म्हणाले. शिकवता येत नाही ते."

तिने मांडीवरचे स्वतःचे हात बघितले. मग माझ्याकडे बघून, अकाउंट्समधल्या माझ्यासारख्या बाईला नेमकं माहीत असायला हवं असं, साधं विचारलं, "हाउ गुड?"

"ते आम्ही विचारलं नाही," मी म्हणाले.